नवऱ्याला शिडाच्या बोटीचं वेड लागलंय, दोघांनीच कोकण किनाऱ्याने जाणं खरंच जमतं का?

गोदाकाठची (नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

आम्ही गंगापूर रोडला राहतो, मी ४९ ची, हे ५३. ह्यांनी अंबडच्या कंपनीतून मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली, मुलगा बंगलोरला, म्हणजे घरात आम्ही दोघंच. भाचीच्या लग्नाला मुंबईला गेलो होतो तेव्हा गेटवेसमोर ते शिडाच्या बोटीत फिरवतात ना, ते केलं, दोन तासाचं. मला वाटलं फोटो काढू, परत येऊ, विषय संपला. तर त्या बोटीवरच्या पोराने ह्या माणसाच्या हातात दहा मिनिटं सुकाणू दिलं आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. टीव्हीवर रोज रात्री परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ, निळंशार पाणी, बाई पुढे उभी राहून नांगर टाकतेय, नवरा मागे सुकाणूपाशी, संध्याकाळी दोघं मस्त बसून जेवतायत. भाजी कोणी चिरली ते दाखवत नाहीत.

प्लॅन असा आहे की २८-३० फुटी सेकंडहँड बोट बघायची, नोव्हेंबर ते मार्च मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, वाटेत मुरुड, जयगड, विजयदुर्ग, मालवण, रात्री खाडीत नांगर टाकून बोटीतच झोपायचं. दोघंच. तिसरं कोणी नको, कारण तिसरं कोणी आलं की मजा गेली असं ह्यांचं म्हणणं.

मी नाही म्हटलेलं नाही हां. कोणी मला रडकी बायको समजू नका, मी स्वतः दोन वेळा ब्रह्मगिरी फेरी केलीय. पण मला पोहता येत नाही, मांडव्याला जाताना त्या मोठ्या कॅटमरानमध्येसुद्धा मळमळतं, आणि खरी अडचण वेगळीच आहे. त्या सगळ्या व्हिडिओत बाईचं नेमकं काम काय तेच मला कळत नाही. हे म्हणतात तू फक्त बस, मी सगळं बघतो. पण हेच पाण्यात पडले तर? तीन वर्षांपूर्वी कसारा घाटात ह्यांना गाडी चालवताना गरगरायला लागलं होतं, तेव्हा मी गाडी हातात घेऊन इगतपुरीला आणली, कारण मला गाडी येते. बोट कुठे बाजूला घेणार?

कोणी जोडीने असं केलं असेल तर खरं खरं सांगा. ह्यांना पण वाचायला देणार आहे.

---

मिसळ_एक्स्प्रेस (नाशिक)

वहिनी, आपल्या गंगापूर धरणावर बोट क्लब आहे की, दादांना तिथे चार चकरा मारायला लावा, उतरेल वेड 😄 आपण नाशिककर, आपला पाण्याशी संबंध म्हणजे रामकुंड आणि मे महिन्यातला टँकर. अहो आपली गोदावरीसुद्धा त्र्यंबकला उगम पावून शेजारचा अरबी समुद्र सोडते आणि १४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिला पण खात्री नव्हती वाटतं.

---

शीडवाला (मुंबई)

ताई, तुमचा कसारा घाटाचा मुद्दा वाचला आणि मी बायकोला हाक मारून दाखवला. तुम्ही जे विचारलंय ना तेच सगळ्यात आधी विचारायचं असतं आणि नव्वद टक्के लोक बोट घेऊन झाल्यावर विचारतात.

आम्ही दोघं गेली सहा सीझन २७ फुटी बोटीवर असतो, फार लांब नाही, मुंबई ते दाभोळ-जयगड, एकदाच गोव्याला. ‘दोघं मिळून बोट चालवतात’ हे किनाऱ्यावरून दिसतं तसं. खरं काय होतं तर एक जण सुकाणूवर असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो, किंवा खाली चहा करत असतो, किंवा बादलीत तोंड घालून बसलेला असतो. म्हणजे बहुतेक वेळ बोटीवर एकच माणूस जागा असतो, आळीपाळीने. त्यामुळे ‘तू फक्त बस’ हे वाक्य दादांनी आजच विसरायचं. ज्या दिवशी तुम्ही त्यांना खाली झोपवून एकट्या दोन तास बोट चालवाल त्या दिवशी तुमची बोट दोघांची झाली, तोपर्यंत ती एका माणसाची बोट आणि एक पॅसेंजर.

आता पाण्यात पडण्याचं. हिशोब करून बघा. बोट ५ नॉटने चाललीय, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर, सायकलचा वेग. एका मिनिटात ती दीडशे मीटर पुढे जाते. तुम्ही खाली कांदा चिरताय, वर येऊन बघायला दोन मिनिटं गेली की तीनशे मीटर. पाण्यात माणसाचं फक्त डोकं दिसतं, नारळाएवढं, आणि मध्ये फूट-दोन फुटाच्या जरी लाटा असल्या तरी ते नारळ दिसत नाही. म्हणून आमच्याकडे पहिला नियम पडल्यावर काय करायचं हा नाहीच, पडायचंच नाही हा आहे. एकटा माणूस वर असेल तर अंगात हार्नेस आणि त्याचा पट्टा बोटीला अडकवलेला, दिवसा, शांत समुद्रात, कंटाळा आला तरी. दुसरा झोपलेला असताना पुढे डेकवर जायचं नाही, जायचंच असेल तर त्याला उठवायचं, शिव्या खायच्या आणि मग जायचं. आणि दादांना माझ्यातर्फे सांगा, उभं राहून बोटीच्या कडेवरून लघवी करायची नाही. हसू नका, पुरुष पाण्यात पडायचं हे फार जुनं आणि फार खरं कारण आहे. बसून करा, आत करा.

तरी पडलेच तर एक युक्ती पाठ करून ठेवा, ती माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात शिकून घेतली होती. पुढच्या शिडाचा दोर सोडायचा नाही, तो आहे तिथेच बांधलेला ठेवायचा आणि सुकाणू फिरवून बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे न्यायचं. पुढचं शीड मग उलट्या बाजूने भरतं, ते बोटीला मागे दाबतं, मोठं शीड पुढे ढकलतं, दोघांचं भांडण होतं आणि बोट जवळजवळ जागेवर उभी राहते. सुकाणूचा दांडा वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला बांधून टाकायचा. ह्याला हीव्ह टू म्हणतात. म्हणजे ताई, बोट बाजूला घेता येते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. त्यात ताकद लागत नाही, माझी बायको पाच फूट एक इंच आहे. ह्याच पद्धतीने आम्ही समुद्रात जेवतो पण, वरणभात सांडत नाही.

माणूस पडला की फेकता येईल ते सगळं फेकायचं, रिंग, उशा, जे तरंगेल ते, जीपीएसवरचं बटण दाबायचं म्हणजे जागेची खूण राहते, आणि नजर हटवायची नाही. इंजिन चालू करण्याआधी पाण्यात कुठला दोर लोंबत नाही ना ते बघायचं, नाहीतर तो पंख्यात गुंडाळतो आणि मग एकाचे दोन प्रॉब्लेम. पण खरी अडचण जवळ पोचल्यावर येते. भिजलेला ७५-८० किलोचा माणूस तीन-चार फूट वर ओढणं एकट्या बाईला काय, एकट्या पुरुषालाही जमत नाही. शिडी पाण्यातून उघडता येईल अशी हवी, आणि नाहीतर शीड वर चढवायचा जो दोर असतो तोच त्याच्या हार्नेसला अडकवून विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या चरख्यावर, फिरवून फिरवून त्याला वर घ्यायचा. हे बंदरात उभ्या बोटीवर खरं खरं करून बघा. आम्ही केलं तेव्हा तिने मला अर्ध्यावर लटकवून ठेवून फोन घेतला होता.

---

मीठभाकर (मुंबई)

वरच्यांची बायको मीच 😊 फोन आईचा होता.

ताई, त्यांनी धोके सांगितले, मी रोजचं सांगते. मळमळ. मलाही होते, सहा वर्षं झाली तरी पहिल्या दिवशी होतेच. अवोमिनची गोळी आदल्या रात्री आणि मग निघायच्या तासभर आधी, पण तुमची बीपी वगैरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि ती घेतल्यावर झोप येते हे लक्षात ठेवा. आल्याची वडी खिशात ठेवते मी. पण सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होतो तर सुकाणू हातात घेण्याचा. गाडी चालवणाऱ्याला घाट लागत नाही, शेजारच्याला लागतो, तसंच. कॅटमरानमध्ये तुम्ही बंद काचेआड बसून फोन बघत होतात ना? बाहेर बसून क्षितिजाकडे बघा, फरक पडेल. पहिल्या दिवशी खाली उतरून स्वयंपाक करायच्या भानगडीत पडूच नका, सकाळीच ठेपले, दहीभात, उकडलेली अंडी असं काहीतरी करून वर हाताशी ठेवायचं. तुमच्याकडचा कोंडाजी चिवडा पाच किलो घ्या, बोटीवर त्याच्याइतकं टिकाऊ काही नाही.

स्वयंपाकघर म्हणजे दोन बर्नरचा स्टोव्ह, तो झुलतो, बोट तिरकी झाली तरी तो सरळ राहतो. कढई वापरू नका, कुकर वापरा, भाजी असो वा खिचडी, कारण झाकण घट्ट, उलटला तरी अंगावर उकळतं काही येत नाही. गॅसचं एक लक्षात ठेवा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, घरात त्याला दाराखालून तरी वाट मिळते, बोटीत तो तळाशी जाऊन साठतो आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. त्यामुळे स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच वॉल्व्ह बंद, दर वेळी, मी तर म्हणून बंद करते, मोठ्याने, ‘गॅस बंद’, आणि हे वरून म्हणतात ‘बंद’. येड्यासारखं वाटतं पण सवय लागते. पिण्याला-स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी धरा, भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा. टँकरवाल्या नाशिकच्या बायकांना हे शिकवायला नको.

संडास हातपंपाचा. जेवढं व्हिडिओत दाखवत नाहीत त्यात हा पहिला. कागद टाकायचा नाही, केस टाकायचे नाहीत, आणि तुंबला तर खोलायचा कोणी हे बोट घेण्याआधी लेखी ठरवून घ्या. मी थट्टा करत नाहीये.

आणि भांडणं. आमची सगळ्यात मोठी भांडणं नांगर टाकताना झालीत. मी पुढे, हे मागे, मध्ये इंजिनचा आवाज आणि वारा, हे ओरडणार ‘सोड’, मला ऐकू येणार ‘ओढ’. एकदा मुरुडला आजूबाजूच्या होड्यांमधले सगळे खलाशी काम थांबवून आमच्याकडे बघत होते. त्यानंतर आम्ही हातवारे ठरवले, मूठ म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे सोड, हाताचं एक बोट वर म्हणजे पुढे घे, आणि आवाज बंद. पण त्याहून मोठा बदल म्हणजे जागा बदलल्या. आता सुकाणूवर मी असते आणि नांगराची साखळी हे ओढतात. ताकदीचं काम तिथे आहे, इथे नाही! बहुतेक जोडप्यांत उलटं असतं, बाई साखळी ओढते आणि बुवा दोन बोटांनी चाक फिरवतो. का? कारण त्याला चाक सोडवत नाही. तुमच्या ह्यांना हे वाचायला द्याच.

---

बंदरावरचा (रत्नागिरी)

मी शिडाच्या बोटीतला नाही, आमचा मच्छीचा धंदा, वडिलांपासून. पण दरवर्षी असे दोन-चार यॉटवाले खाडीत येतात, काही शहाणे असतात काही नसतात, म्हणून लिहितो.

वारा आधी समजून घ्या. शाळेत खारे वारे मतलई वारे शिकलात ना, तेच. थंडीच्या दिवसात रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई, हलका, समुद्र सपाट. मग मधे तासभर सगळं पडतं, आणि अकरा-बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत चढत जातो. मुंबईहून गोव्याकडे जाताना हा तुमच्या पाठीमागून येणार, मजा आहे. परत येताना हाच तोंडावर. सगळे व्हिडिओवाले जातानाचंच दाखवतात. येताना उजाडताच निघून मतलईवर नायतर इंजिनवर जेवढं कापता येईल तेवढं कापायचं आणि दुपारपर्यंत खाडीत शिरायचं, दुसरा इलाज नाही.

भरती-ओहोटी. मोबाईलवर टेबल मिळतं पण तोंडी हिशोब पण ठेवा. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असली तर चार गुणिले पाऊण, तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि पहाटे पण तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. शुक्ल असो की कृष्ण. थोडं इकडेतिकडे होतं, हा हिशोब मुंबईकडचा, खाली दक्षिणेला याल तशी भरती जरा लवकर येते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार सगळ्यात कमी. मुंबईला उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्याला दोनेक मीटर. तुमच्या बोटीचा कणाच दीड मीटर खाली असणार, म्हणजे हा फरक तुम्हाला महत्त्वाचा. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे पट्टे असतात. आत शिरायचं ते चढत्या पाण्याला. चढत्या पाण्यात टेकलात तर अर्ध्या तासात पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढची भरती येईपर्यंत बोट आडवी, तुम्ही दोघं तिरके, आणि आमची पोरं येऊन सेल्फी काढणार. अजून एक, दुपारचा खारा वारा जोरात आत येतोय आणि ओहोटीचं पाणी बाहेर जातंय अशा वेळी तोंडाशी लाट उभी राहते, तेव्हा बाहेरच थांबा.

नांगराचं पण तसंच. संध्याकाळी तीन मीटर पाणी बघून टाकलात आणि रात्री भरतीला ते सहा झालं तर? हिशोब भरतीच्या पाण्याचा करायचा. सहा मीटर पाणी, नाळेची, म्हणजे बोटीच्या नाकाची, उंची एक मीटर, झाले सात, त्याची पाचपट साखळी, पस्तीस मीटर. साखळीऐवजी दोर असेल तर सातपट. खाड्यांत चिखल चांगला आहे, नांगर धरतो.

आता आमच्याबद्दल. जाळ्यांवर रात्री दिवा असेलच असं धरून चालू नका. कुठे प्लॅस्टिकचा डबा, कुठे थर्माकोलचा तुकडा, काळोखात तुम्हाला कायच दिसणार नाही. जाळं पंख्यात गेलं तर तुमची बोट अडकते आणि आमचं हजारोंचं नुकसान होतं, मग दोन्हीकडून शिव्या. म्हणून पहिल्या वर्षी रात्रीचं चालवूच नका. जवळून मच्छीमार बोट जात असेल तर हात करा, विचारा जाळं कुठपर्यंत आहे, लोक सांगतात. आमचा तांडेल (बोटीचा प्रमुख) तर दोनदा एका यॉटला पुढे होऊन खाडीत घेऊन आलाय. मालवणला पहिल्यांदा जाताना मात्र माहितगार माणसाशिवाय आत शिरू नका, किल्ल्याच्या आजूबाजूला सगळे खडक आहेत, भरतीला ते दिसत नाहीत. विजयदुर्गला तसा त्रास नाही, वाघोटन खाडी खोल आणि आडोशाची, उगाच नाही तिथे आरमार ठेवायचे. जयगडला मोठी जहाजं येतात, त्यांच्या वाटेत नांगर टाकू नका, शास्त्री नदीत आत जा.

आणि नोव्हेंबर आला म्हणजे समुद्र शांत झाला असं समजू नका. २००९ चं फयान वादळ ११ नोव्हेंबरला आलं होतं. आमच्याकडे अजून त्या तारखेला कोणी जोरात बोलत नाही. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज बघायचा आणि आम्ही बंदरात बसलेले दिसलो तर तुम्ही पण बसायचं.

---

मिसळ_एक्स्प्रेस (नाशिक)

बाप रे. मी आपला धरणावरच बरा.

---

शीडवाला (मुंबई)

@मिसळ_एक्स्प्रेस भाऊ, नाशिकवाल्यांनी पाण्याला कमी लेखू नये. दत्तू भोकनळ तुमच्याच जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गाव, फौजेत गेल्यावर रोइंग शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला जाऊन तेरावा आला. समुद्र काय नि धरण काय, शिकायला कुठल्या गावाला बंदी नाही.

ताई, एक राहिलंच होतं, कागदपत्रं. बोटीची नोंदणी मेरीटाईम बोर्डाकडे हवी, सेकंडहँड घेताना आधी कागद बघा मग शीड बघा. निघताना बंदर कार्यालयात कळवायचं, ओळखपत्रं दोघांची जवळ, २००८ नंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस विचारपूस करतात आणि केलीच पाहिजे. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही स्टिकर करून बोटीत चिकटवा, फोनमध्ये नाही, फोन भिजतो. व्हीएचएफ रेडिओचा, म्हणजे बोटीवरच्या वायरलेसचा, चॅनल १६ चालू ठेवायचा, त्याला पण परवाना लागतो. परदेशी व्हिडिओत सगळ्यांच्या खांद्याला ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र असतं ना, दादा ते ऑनलाइन मागवायच्या बेतात असतील तर थांबवा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, लोकांना विमानतळावर अटक झालीय.

आणि पावसाळ्याचं बघून ठेवा. जून ते सप्टेंबर बोट पाण्यात ठेवायची नाही, बाहेर काढायची, त्याचा खर्च दरवर्षी. मुंबईत गेटवेसमोर सगळ्या बोटी मूरिंगवर, म्हणजे पाण्यात दोराला बांधलेल्या, तिथपर्यंत दुसऱ्या छोट्या बोटीने जायचं. कोचीला बोलगट्टीला मरिना आहे, म्हणजे बोट थेट धक्क्याला लावायची सोय, तसं इथे नाही. बोटीची किंमत एकदा द्यायची असते, बाकीचं दर महिन्याला, आणि तुम्ही नाशिकला असताना वादळाचा इशारा आला की कसारा घाट उतरायची पाळी. म्हणून माझं मत, दोन वर्षं बोट घेऊच नका.

---

गोदाकाठची (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. बंदरावरचा दादा, तुमचं तर मी दोनदा वाचलं. तिथीचं आमच्या सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या बघा, कालनिर्णय उगाच नाही भिंतीवर.

ह्यांना सगळं वाचायला दिलं. ‘तू फक्त बस’ वाल्या भागाशी आले तेव्हा जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले लिहिणारा माणूस बरोबर बोलतोय. लघवीच्या वाक्याला मात्र काही बोलले नाहीत, पान खाली सरकवलं.

आणि एक गंमत कळली. मी सहज विचारलं, माझं राहू दे, तुम्हाला पोहता येतं ना नक्की? तर म्हणे येतं की, मामाच्या विहिरीत शिकलो निफाडला. म्हटलं कधी? म्हणे सहावीत. पाठीला डबा बांधून. त्यानंतर? त्यानंतर नाही. म्हणजे हा माणूस चाळीस वर्षं पाण्यात उतरलेला नाही आणि मला समुद्रात न्यायला निघाला होता! आता सोमवारपासून दोघंही सावरकर तरण तलावावर, मी लेडीज बॅचला, हे सकाळच्या सहाच्या.

प्रश्न उरला शिकण्याचा. कोर्स दोघांनी एकत्र करायचा की वेगळा? आणि बोट घ्यायची नाही तर मग दोन वर्षं काय करायचं, टीव्हीच बघायचा?

---

मीठभाकर (मुंबई)

वेगळा! हे अगदी ठामपणे सांगते. नवऱ्याकडून गाडी शिकलात का तुम्ही? मग बोट कशाला. एकत्र कोर्सला गेलं की हे पुढे होऊन सगळ्या दोऱ्या स्वतः ओढतात, तुम्ही बाजूला उभ्या, आणि शेवटी दोघांना सर्टिफिकेट. मी वेगळ्या बॅचला गेले म्हणून शिकले. आरवायए म्हणजे ब्रिटनची यॉटिंगची संस्था, तिचा पहिला कोर्स कॉम्पिटंट क्रू, पाच दिवसांचा, बोटीवरच राहून. त्यानंतर डे स्किपर, तो पण पाच दिवस, पण त्याला आधी शंभर मैल आणि चार तास रात्रीचं चालवलेलं लागतं. मुंबई-गोव्याकडे शिकवणारे आहेत, जाऊन बोट बघा, लाइफजॅकेटं कुठल्या अवस्थेत आहेत ते बघा, मग पैसे भरा. तुम्ही तर डे स्किपर आधी करा, तुमच्या ह्यांना मागून येऊ दे, बघा कशी मजा येते.

बाकी दोन वर्षं काय करायचं तर दुसऱ्याच्या बोटीवर जायचं. आम्हीच जानेवारीत मुरुडला जाणार आहोत, मुंबईपासून चाळीसेक सागरी मैल, पाच नॉटने आठ तास, पहाटे निघून उजेडात पोचतो. तुम्ही दोघं या. एक दिवस तुम्ही माझ्याबरोबर पहारा करा आणि तुमचे हे माझ्या ह्यांच्याबरोबर. नवराबायको एका पाळीत ठेवायचे नाहीत, हा आमच्या बोटीचा नियम.

आणि दोघांनीच जमतं का म्हणून विचारलंत, नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा, दोघीच तारिणी ह्या शिडाच्या बोटीवर २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि अख्खी पृथ्वी फिरून २९ मे २०२५ ला परत आल्या. आपल्याला तर फक्त मुरुडला जायचंय.

---

बंदरावरचा (रत्नागिरी)

मुरुडला जाताय तर राजपुरीच्या बाजूला नांगर टाका, जंजिऱ्याच्या भिंतीजवळ जाऊ नका, पर्यटकांच्या होड्या सारख्या फिरतात. आणि येताना आमच्यासाठी तो चिवडा.

---

गोदाकाठची (नाशिक)

जानेवारी पक्कं. ह्यांनी लगेच दोर आणलाय, खिडकीच्या गजाला बोलाईनची गाठ मारत बसलेत, मला आधी जमली म्हणून जरा फुगलेत. चिवडा दोन किलो रत्नागिरीचा वेगळा काढला.

मीठभाकर ताई, एकच शेवटचं विचारते, कुकर तीन लिटरचा आणू की पाच?

---

मीठभाकर (मुंबई)

तीनचा. पाचचा स्टोव्हच्या कठड्यात बसत नाही, आम्ही आणून बघितलाय, तो आता घरी आहे. आणि शिट्टी एक जास्तीची आणा, आमची मागच्या वर्षी दाभोळला पाण्यात पडली.